पालक सभेला आजीला बोलवा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद : छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव;
तसेच या आठ जिल्ह्यांतील शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व अध्यक्ष व सदस्य यांस,

विषय : पालक सभेचे निमंत्रण मुलाला प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या माणसाला देण्याबाबत आणि त्या सभेत मुलाच्या मनाविषयी बोलण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मी ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते चौथीचे वर्ग शिकवले. या काळात किती पालक सभा घेतल्या याचा हिशेब नाही, पण त्यांच्या इतिवृत्तात मीच लिहिलेली दोन वाक्ये मला पाठ आहेत : ‘पालकांची उपस्थिती समाधानकारक होती. पाल्यांच्या प्रगतीविषयी सविस्तर चर्चा करण्यात आली.’ त्यातले पहिले वाक्य दिवाळी ते पाडवा या काळात कधीच खरे नसे. ज्यांच्या नावाने निमंत्रण जात असे ते आई-बाप त्या वेळी कोल्हापूर-सांगलीकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडात ऊस तोडत असत आणि मूल गावात आजीजवळ असे. आता निमंत्रण मोबाइलवर जाते एवढाच फरक पडला आहे. ते बापाच्या मोबाइलवर जाते, तो दिवसभर मोळ्या वाहून रात्री कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, आल्यावर ते वाचतो आणि ठेवून देतो. ज्या बाईच्या कुशीत ते मूल झोपते तिला सभा आहे हेसुद्धा कळत नाही. चुकून कळले आणि आलीच, तर ती वर्गाच्या दाराशी उभी राहते आणि म्हणते, ‘मी कशाला बाई, मला काय कळतंय त्यातलं.’

माझी विनंती एवढीच आहे की त्या आजीला रीतसर बोलवावे, बसवावे, आणि तिच्याशी गुणांविषयी नव्हे, तर लेकराच्या रडण्याविषयी, रागाविषयी, भीतीविषयी आणि हट्टाविषयी बोलावे.

ही विनंती कायद्याला धरूनच आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यात जन्मदाते, सावत्र किंवा दत्तक आई-बाप वेगळे सांगितले आहेत आणि पालक वेगळा सांगितला आहे. ज्या व्यक्तीकडे मुलाची देखभाल आणि ताबा आहे ती व्यक्ती म्हणजे पालक, असा त्याचा अर्थ तिथे दिलेला आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार शिक्षकाने आई-वडील व पालक यांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांबरोबरच मुलाविषयीची इतर महत्त्वाची माहितीही त्यांना द्यायची असते. ही ‘इतर माहिती’ आपण आजवर गणवेश, आधार कार्ड आणि बँक खाते एवढ्यापुरतीच धरली. लेकरू तीन आठवडे कुणाशीच बोललेले नाही, ही माहिती त्यात बसवायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते, आणि ती सांगताना माझी स्वतःची चूक आधी सांगणे भाग आहे.

ऊसतोड मजुरांच्या टोळीचा ट्रक किंवा ट्रॅक्टर बहुतेक वेळा रात्री किंवा भल्या पहाटे निघतो. मूल जागे असेल तर ते आकांत करेल, म्हणून आई त्याला झोपू देते, झोपेतच आजीच्या कुशीत सरकवते आणि निघून जाते. यात कोणाचीही वाईट बुद्धी नसते. मुलाचे रडणे वाचावे आणि आपलेही काळीज फाटू नये, एवढाच हेतू असतो. माझ्या वर्गात दुसरीतला एक मुलगा असाच मागे राहिला होता. दिवाळीनंतर तो वर्गात अकरा वाजताच डुलक्या घेऊ लागला. मी त्याला उभे केले, पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे केले आणि नोंदवहीत ‘अभ्यासाकडे दुर्लक्ष’ असा शेरा लिहिला. मग एके दिवशी त्याची आजी त्याच्या दंडात नवा ताईत बांधून आली आणि म्हणाली, ‘दिवसा गप ऱ्हातंय बाई, पण दिवेलागणीला अंगाला चिकटतंय. रातच्याला डोळा लागू देत नाही सोताचा. अन् लागला की हातरूण ओलं.’ झोपलो की माणूस नाहीसे होते, असा अर्थ त्या सात वर्षांच्या मुलाने लावला होता आणि त्याच्या अनुभवापुरता तो बरोबरच होता. आता उरलेली आजीही जाऊ नये म्हणून तो रात्रभर पहारा देत होता. हे माझ्या ध्यानात यायला संक्रांत उजाडली. तोवर मी त्याला शाळेत उभे करत होते आणि घरी आजी त्याची दृष्ट काढत होती. आम्ही दोघी त्याच्यावर इलाज करत होतो आणि दोघींनाही त्याचे दुखणे ठाऊक नव्हते.

पुढच्या वर्षी दसऱ्याआधी मी त्याच्या आईशी बोलले. जाण्याच्या आठ दिवस आधीपासून तिने त्याला दिवसाउजेडी सांगितले की आम्ही जाणार आहोत, कुठे जाणार आहोत आणि परत येणार आहोत. ‘पाच महिने’ हा शब्द त्या वयाच्या मुलाला काहीच सांगत नाही. पण दिवाळी, संक्रांत, शिवरात्र, होळी, पाडवा हे त्याला कळते, म्हणून पाच खडे एका डबीत ठेवले आणि एकेका सणाला एकेक खडा बाहेर काढायचे ठरले. आईचे एक नेसते लुगडे धुतल्याशिवाय तसेच मागे ठेवले, कारण वासाने लेकरू शांत होते हे आज्यांना आपल्यापेक्षा आधीपासून माहीत आहे. निघताना त्याला जागे केले. तो रडला, पुष्कळ रडला, सगळी गल्ली जागी झाली. पण त्या आठवड्यात तो रात्री झोपू लागला. अंथरूण मात्र आणखी महिनाभर अधूनमधून ओले होत राहिले, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

फोनचेही तसेच आहे. ‘फोन आला की जास्ती रडतंय, म्हणून लावू नका’ असे आज्या लेकी-सुनांना सांगतात आणि ते ऐकायला पटण्यासारखे असते. प्रत्यक्षात आईचा आवाज ऐकून रडणे म्हणजे साठलेले बाहेर येणे होय. ते थांबवायला फोन बंद करणे म्हणजे गळवावर पट्टी बांधून ते दिसेनासे करणे. फक्त फोनची वेळ ठरलेली असावी. रोज नाही जमले तर दर रविवारी सांजच्याला एकदाच, पण तो चुकू नये. येईल येईल म्हणून वाट पाहायला लावणारा आणि न येणारा फोन मुलाला फार महागात पडतो.

अंथरूण ओले होण्याविषयी सभेत चारचौघांत बोलायला लोक लाजतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पाच वर्षांपर्यंत हे होणे अगदी सर्रास आहे आणि त्यानंतरही काही मुलांत ते आपोआप थांबायला वेळ लागतो. मात्र जे मूल सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिले होते आणि पुन्हा सुरू झाले, त्याला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ आणि क्वचित साखरेचा आजार ही कारणे तपासून घ्यावी लागतात. ती नसतील तर घरात काय बदलले ते पाहावे. कोणत्याही कारणाने असो, मुलाला मारणे, ओले कपडे इतरांना दाखवणे किंवा रात्रीचे पाणी पूर्ण तोडणे याने ते थांबत नाही. झोपण्याआधी एकदा लघवीला बाहेर नेणे आणि सकाळी काही न बोलता गोधडी वाळत घालणे, एवढे आजीला सांगितले तर पुरते.

हट्ट हा विषय मात्र मोठा आहे, कारण आजीच्या घरी तो रोजचा आहे. गुडघे दुखणारी, चुलीपाशी आणि शेरडांमागे राबणारी साठी उलटलेली बाई रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइल देते किंवा पाच रुपयांचा पुडा देते, यात तिला बोल लावण्यासारखे काहीच नाही. तिला फक्त हे कोणी समजावून सांगितलेले नसते की हट्टाची एक चाल असते. आजवर रडले की मिळत होते, ते एक दिवस मिळेनासे झाले, तर मूल लगेच शांत होत नाही. ते आधी जास्त रडते, जमिनीवर लोळते, भांडी फेकते. दोन-चार दिवस हा चढ असतो आणि नंतर उतार लागतो. बहुतेक घरांत नेमक्या चढावर, तिसऱ्या दिवशी, शेजारणीला लाजून किंवा आजोबांना दया येऊन पुडा हातात दिला जातो, आणि मूल शिकते ते एवढेच की आता तीन दिवस रडावे लागते. म्हणून जे शेवटपर्यंत नाकारणे झेपणार नाही ते पहिल्यांदाच देऊन टाकावे, आणि जे नाकारायचे ते आजी-आजोबा दोघांनी मिळून नाकारावे. आमच्याकडे बहुतेक वेळा आजोबाच फितूर होतात.

याच्या जोडीला दुसरी बाजू लागते, नाहीतर हे सगळे नुसते कठोरपण होईल. मूल जेव्हा नीट वागते तेव्हा त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते, ते ओरडले की सगळे वळून पाहतात. शेळीला पाणी पाजले, बहिणीला पुस्तक दिले, रागात हात उगारला आणि मागे घेतला, या गोष्टी त्याच क्षणी नाव घेऊन बोलून दाखवल्या पाहिजेत : ‘तू हात उगारलास अन् खाली घेतलास, पाह्यलं बरं मी.’ ‘शहाणं माझं बाळ’ या मोघम कौतुकापेक्षा असे नेमके बोलणे जास्त उपयोगी पडते, कारण काय केल्याने कौतुक झाले ते मुलाला कळते. आणि राग चढलेला असताना उपदेश करू नये. त्या वेळी त्याला ऐकूच येत नसते. जवळ बसावे, मारू-फेकू देऊ नये, आणि ओसरल्यावर चार शब्दांत बोलावे.

मारण्याविषयी. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना त्याच शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने बंदी आहे, घराला ते कलम लागू नाही. पण आज्या का मारतात ते मी अनेक घरांत पाहिले आहे. नातू ही त्यांना पोराची, सुनेची ठेव वाटते. ‘उद्या पोर बिघडलं तर म्हणतील, म्हातारीनं वाट लावली’ या धाकाने काही आज्या हात उचलतात आणि त्याच धाकाने काही आज्या कधीच नाही म्हणत नाहीत. दोघींचे भय एकच आहे. म्हणून सभेत आई-बापांसमोर हे स्पष्ट बोलले जावे की मागे घरात जे घडेल त्याचा दोष आजीवर येणार नाही. हे एवढे बोलल्याने किती आज्यांचे खांदे उतरतात ते एकदा पाहावे.

आता ज्या मुलांविषयी कोणीच तक्रार करत नाही त्यांच्याविषयी. शाळेच्या दृष्टीने वर्तनाची अडचण म्हणजे मारामारी, शिव्या, पळून जाणे. वर्गाला त्रास न देणारे मूल आपल्या हिशेबी चांगलेच असते. माझ्या वर्गात चौथीतली एक मुलगी धाकट्या दोन भावंडांचे आवरून, त्यांच्या वेण्या-डबे करून शाळेत यायची, कधी रडली नाही, कधी काही मागितले नाही. आम्ही सगळ्या बाई तिचे उदाहरण देत असू. तिचे केस झुपक्या-झुपक्याने गळत होते आणि ती स्वतःच ते उपटत होती, हे आमच्या लक्षात शाळा सुटण्याच्या बेतात आले. एवढी शहाणी लेक पाहिली की कौतुक करण्याआधी तिच्यावर काय पडले आहे ते पाहावे, असे मी तेव्हापासून नव्या शिक्षकांना सांगत आले.

हा प्रश्न फक्त ऊसतोड कुटुंबांचा नाही, हे मान्य आहे. वीटभट्ट्यांवर जाणारी घरे आहेत, कर्जापायी कर्ता माणूस गमावलेली घरे आहेत, आणि लातूर-नांदेडच्या शिकवण्यांसाठी पंधराव्या वर्षी खोली करून राहणारी मुलेही आहेत, ज्यांच्याशी आई-बापांचे बोलणे चाचणीच्या गुणांपलीकडे जात नाही. शेवटच्या गटाचा विचार वेगळ्या पत्रात व्हावा इतका तो मोठा आहे.

मुलाच्या मनाविषयी जाहीर बोलणे मी पहिल्यांदा ऐकले ते किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट गणपती विसर्जनानंतरची होती आणि मी नोकरीला लागून वर्षच झाले होते. ढिगाऱ्यातून वाचलेली मुले छताखाली झोपत नाहीत, मुकी झाली आहेत, मोठी मुले आईचा पदर सोडत नाहीत, हे तेव्हा लोक एकमेकांना सांगत आणि कोणी त्यांना नाटकी म्हणत नसे, कारण भूकंप सगळ्यांनी पाहिला होता. घराघरांत शांतपणे येणारा दरवर्षीचा वियोग मात्र कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची तीच लक्षणे लाडाने बिघडल्याची ठरतात.

तज्ज्ञ आणावेत, समुपदेशक नेमावेत, अशी मागणी मी करत नाही, असे नव्हे. पण ती या पत्रात नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळला होता. त्यांना उपचार लागतातच. उरलेल्यांपैकी बहुतेक मुलांना तज्ज्ञ लागत नाही, समजूतदार मोठे माणूस लागते. दोन्हींतला फरक आजीला ओळखता यावा एवढे मात्र सभेत सांगितलेच पाहिजे : तीन वर्षांचे होऊनही जे मूल बोलत नाही आणि हाक मारल्यावर वळून पाहत नाही, जे मरणाचे बोलते किंवा स्वतःला इजा करते, जे एखाद्याच माणसाला अचानक भिऊ लागते, त्याच्यासाठी थांबू नये आणि देवऋषीवर वेळ घालवू नये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, त्यात विकासातला विलंबही पाहिला जातो. पथक येईल त्या दिवशी आजीने शाळेत हजर असावे. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानस १४४१६ आणि संकटातल्या मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हे दोन क्रमांक शाळेच्या भिंतीवर सुविचारांच्या जागी ठळक रंगवावेत. सुविचार पुष्कळ झाले.

सभा कधी घ्यावी, हे कामाचे आहे. पहिली पोळा आणि दसरा यांच्यामध्ये व्हावी, जेव्हा आई, बाप आणि आजी तिघेही गावात असतात, आणि तिच्यात फक्त जाण्याची तयारी हा विषय असावा. दुसरी दिवाळीनंतर महिन्याभराने, केवळ सांभाळणाऱ्यांसाठी, दुपारच्या उन्हात, अंगणवाडीत किंवा पारावर; बाकांवर बसवल्यावर आज्या बोलत नाहीत. तिसरी पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, टोळ्या परतल्यानंतरची. ती सर्वांत दुर्लक्षित आहे. पाच महिन्यांनी आलेली आई हात पसरते आणि मूल आजीच्या मागे लपते किंवा दोन दिवस तिच्याशी बोलतच नाही. आईला वाटते म्हातारीने माझे लेकरू तोडले, आजीला वाटते एवढे करून मीच वाईट झाले, आणि मग नवे कपडे, नवा मोबाइल असा मोबदला सुरू होतो. ते रुसणे म्हणजे प्रेम संपणे नव्हे, पुन्हा जाणार की काय याची चाचपणी आहे, आणि आठ-पंधरा दिवस आजीनेही जवळ राहिले तर ते निवळते, हे सासू-सुनांना एकत्र बसवून सांगणारे कोणीतरी हवे.

यासाठी नवा निधी किंवा नवे ॲप लागणार नाही. शाळापूर्व तयारी अभियानात २०२२ पासून माता गट बसवले गेले, आठवड्याला कृतीपत्रे वाटली गेली. अक्षर-अंकांसाठी जे जमले ते राग आणि भीती यांसाठीही जमेल. आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे शाळा व्यवस्थापन समित्याच चालवतात, तिथे स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही या सभेत घ्यावे, कारण संध्याकाळी मुलांचे खरे बोलणे त्यांच्याच कानी पडते. शिक्षकांसाठी केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतला एक तास पुरे. हजेरीपटाला एक रकाना जोडावा : ‘सध्या सांभाळणारी व्यक्ती, नाते, फोन’. सभेत कोणाच्या मुलाचे नाव घेऊन बोलू नये, आणि सभेचा फोटो गटात टाकण्याची सक्ती नसावी; फोटो निघू लागला की आज्या पदर सावरतात आणि बोलणे थांबते.

या तिन्ही सभांत काय बोलावे याचा मसुदा मी आमच्याकडच्या बोलीत लिहून ठेवला आहे, तो हवा त्या जिल्ह्याने घ्यावा. चर्चेसाठी बोलावल्यास मी स्वखर्चाने येईन. फक्त बैठक मंगळवारी ठेवू नये, त्या दिवशी आमच्या गावचा बाजार असतो, आणि माझ्याबरोबर ज्या दोन आज्या यायच्या म्हणतात त्यांना बाजार चुकवता येत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. बीड